चिनी मातीच्या प्राण्यांच्या दौती कुणी जमवतं का? (आणि आमच्या देवघरातला कुत्रा)

रातांबा
मंडळी, गणपतीच्या आधीची साफसफाई म्हणून गेल्या आठवड्यात दापोलीजवळच्या घरी जाऊन आलो. घरी आत्या एकटीच असते, वय ८१. देवघरातल्या तसबिरी उतरवून पुसायचं काम दरवर्षी माझ्याकडे. दत्ताच्या तसबिरीखाली, मला आठवतंय तेव्हापासून, चिनी मातीचा एक कुत्रा आहे. वीतभर लांब, पाय पुढे घेऊन बसलेला, अंगाने इतका बारीक की बरगड्या मोजून घ्याव्यात. खाली गडद निळी बैठक, तिच्या कडेने सोनेरी रेघ, ती निम्मी पुसलेली. बैठकीत कुत्र्याच्या अंगालगत एक भोक, आणि त्या भोकात रोजची उदबत्ती.

दत्ताच्या चार कुत्र्यांपैकी हा एक, असंच आम्ही समजत होतो. बाकीचे तीन कुठे, असं लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, "गावात हिंडतायत." त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर बसून केशरी डाग पडलाय. आजी नैवेद्यातला चिमूटभर भात त्याच्यापुढे ठेवायची, "किती रोडावलाय बिचारा" म्हणून. आत्याने तो रिवाज अजून सोडलेला नाही.

या वेळी हातात घेऊन नीट पाहिला तर दत्ताच्या कुत्र्याचा कुठे ताळमेळ लागेना. फोनवर शोधलं तर तसेच्या तसे कुत्रे समोर आले. इंग्लंडात बनलेली लेखणी खोचायची बैठक! लोक म्हणे कुत्रे, मेंढ्या, पक्षी असल्या प्राण्यांच्या दौती जमवतात. इथे कुणाला याचा नाद आहे का? हे खरं जुनं की नक्कल, कसं ओळखायचं? आणि मुख्य म्हणजे, हे दापोलीत आलं कुठून?

नारळीपाक
फोटो??

रातांबा
टाकला आहे वर. उजेड कमी होता, वीज गेलेली. नेहमीप्रमाणे.

झिलगो
ह्यो कुत्रो मी बघितलेलो आसा. आमच्या शेजाऱ्यांचो. तोही असोच, खाऊन अंगाक लागणा नाय.

सुरंगी
हाहाहा, "गावात हिंडतायत". तुमच्या आजींना साष्टांग.

टीपकागद
रातांबा, बरोबर जागी विचारलंत. मी अलिबागला असते आणि गेली बावीस-तेवीस वर्षं हाच उद्योग करते. घरात सध्या एकोणीस नग आहेत. नवऱ्याच्या मते एकोणीस जास्त आहेत.

तुमचा कुत्रा म्हणजे स्टॅफर्डशायरचा ग्रेहाउंड, किंवा त्याचा धाकटा भाऊ व्हिपेट. इंग्लंडमधल्या त्या परगण्यात कुंभारांची गावंच्या गावं होती. १८४० ते १८६०-७० या काळात त्यांनी असे बैठे कुत्रे ढिगाने काढले. तेव्हा या जातीचं खूळच होतं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट याची इऑस नावाची ग्रेहाउंड कुत्री प्रसिद्ध होती, लँडसीअरने १८४१ मध्ये तिचं चित्र काढलं. राजवाड्यात जे आलं ते मग शेतकऱ्याच्या फळीवरही हवं. शिवाय सशाच्या शिकारीच्या शर्यती या कुत्र्यांवरच व्हायच्या, म्हणून काही नगांच्या तोंडात किंवा पायाशी मेलेला ससा असतो. तुमच्याकडे ससा नाही, बरंच झालं. देवघरात अडचण झाली असती.

आता एक वाईट बातमी. हे "पोर्सलेन" नसण्याची शक्यता जास्त. आपण सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, लोणच्याच्या बरणीपासून संडासाच्या भांड्यापर्यंत. पण पोर्सलेन म्हणजे केओलीन माती, साधारण १४०० अंशांवर भाजलेली, पातळ कड उजेडापुढे धरली तर प्रकाश आरपार दिसणारी. स्टॅफर्डशायरचे बहुतेक कुत्रे पांढऱ्या मातीचे, कमी आंचेवर भाजलेले, वर झिलई. काही थोडे, आणि सहसा आधीचे, खऱ्या पोर्सलेनचे निघतात. ते लहान, नाजूक, अंगावर सोनेरी काम बारीक.

शंकासूर
मला या छंदाचं काही कळत नाही. जिथे सायबाने टेबलावर बसून आपल्या लोकांकडून शेतसारा वसूल केला, त्या टेबलावरच्या वस्तू आपण पैसे मोजून आणायच्या आणि काचेच्या कपाटात ठेवायच्या. आपल्याकडे बोरू होता, कलमदान होतं, त्याचं कुणाला कौतुक नाही.

माजघर
शंकासूर, तुम्ही शिमग्यातच या हो.

टीपकागद
नाही नाही, त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. माझ्याकडे तीन पितळी कलमदानं आहेत, त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. पण स्टॅफर्डशायरच्या त्या भट्ट्यांमध्ये सायब राबत नव्हता. साचात माती दाबायला आणि रंगाचे फटकारे मारायला तिथली पोरं असत, आठ-दहा वर्षांची. त्या पोरांनी घाईघाईत रंगवलेले डोळे पाहिले की कळतं, एक डोळा नेहमी जरा वर. मला ते डोळे आवडतात. राणी आवडते असं कुठे म्हटलं?

शंकासूर
बरं. डोळ्यांपुरतं मान्य.

पागोळी
मी नवीनच आहे या छंदात, म्हणून हा धागा माझ्या निवडक दहा धाग्यांत टाकलाय. टीपकागद ताई, प्राण्यांच्या दौती म्हणजे नेमकं काय काय मिळतं? आणि हातात घेऊन ओळखायचं कसं, तेही सांगा ना.

टीपकागद
पागोळी, सगळं सांगायला बसले तर गणपती येऊन जातील, तरी थोडं सांगते.

इंकस्टँड म्हणजे एक पूर्ण संच असायचा. शाईची दौत, लेखण्या खोचायला भोकं, आणि बारीक वाळूची डबी, तिला चाळणीसारखं झाकण. टीपकागद येण्याआधी ओल्या शाईवर वाळू भुरभुरत. (माझं नाव का घेतलं ते कळलं असेल.) मोडीची जुनी कागदपत्रं ज्यांनी उलगडलीत त्यांना ठाऊक असेल, अजून कधीकधी घडीतून वाळूचे कण चकाकत खाली पडतात. म्हणजे चाल तीच, आपली नि त्यांची.

प्राण्यांचे प्रकार म्हणाल तर इंग्लंडचे पूडल कुत्रे आणि मेंढ्या, त्यांच्या अंगावर चाळणीतून काढलेल्या मातीचा किसासारखा लोकरीचा थर असतो. तो धूळ धरतो आणि पुसता पुसता तुटतो. जर्मनीत प्योसनेक गावच्या कॉन्टा अँड ब्योमे या कारखान्याने जत्रेत बक्षीस म्हणून वाटायच्या स्वस्त पोर्सलेनच्या वस्तू काढल्या, त्यांत दौतीही. त्यांची खूण म्हणजे ढालीत वाकवलेला हात, हातात कट्यार. बऱ्याच नगांवर खूण नसतेच, नुसता मातीत दाबलेला आकडा असतो. पॅरिसच्या जेकब पेटीची दौत म्हणजे फुलं, पानं, सोनं यांची लयलूट, निळ्या "जेपी" खुणेची. माझ्याकडे त्यांचं एकही नाही. परवडत नाही.

ओळखण्याचं म्हणाल तर नारळ घेताना करतो तेच. नखाने टिचकी मारा. पोर्सलेन घंटेसारखं वाजतं. कमी भाजलेली माती ठक्क करते. कुठे तडा असेल तर दोन्ही भद वाजतात. दुसरं, तळाची जी कड झिलईशिवाय कोरी राहिली असेल तिला जिभेचं टोक लावा. पाणी शोषणारी माती असेल तर जीभ चिकटते, पोर्सलेनला चिकटत नाही. रातांबा, तुम्ही मात्र आधी कुंकू पुसा.

झिलगो
दत्ताच्या कुत्र्याक चाटूचा! काय दिवस इले.

गाबत्या
आमच्या आजयेन असल्या एका मेंढीच्या दौतीत चुनो भरून ठेवललो. पानाच्या डब्याशेजारी. ती वारल्यावर मुंबैवाल्या काकान नेली, आता म्हणता शोकेसात आसा. चुनो काढलो की नाय, माहीत नाय.

सुरंगी
माझा अनुभव, म्हणजे फसवणुकीचा. ताई ओरडतील.

मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, पंधरा वर्षांपूर्वी एक दौत घेतली. पोर्सलेनचा पग कुत्रा, पाठ उघडली की आत शाईची वाटी. तळाला दोन एकमेकांत घातलेल्या निळ्या तलवारी. दुकानदार हळूच म्हणाला, "मॅडम, मायसन." मी जर्मनीतल्या मायसनच्या पोर्सलेनबद्दल तेव्हा वाचत होते, डोकं फिरलंच. तो किमयागार ब्योटगर, सोनं करून दाखवतो म्हणाला म्हणून राजा ऑगस्टसने त्याला डांबून ठेवलं. त्याच्या हातून सोनं नाही पण युरोपातलं पहिलं खरं पोर्सलेन झालं, आणि १७१० मध्ये मायसनचा कारखाना निघाला. मग १७३१ मध्ये तिथे केंडलर आला, त्याने प्राण्यांचे असे पुतळे केले की अजून लोक वेडे होतात, पग तर त्याचे गाजलेलेच. एवढं सगळं वाचलेली बाई दुकानात उभी, आणि समोर पग. अठरा हजार मोजले.

घरी आल्यावर भिंग घेऊन पाहिलं तर तलवारी झिलईच्या वर. नखाने खरवडली तर पात्याचं टोक निघालं. खऱ्या नगावर ती खूण झिलईच्या खाली असते, बोटाला लागतसुद्धा नाही. नंतर कळलं की जगात सगळ्यात जास्त चोरलेल्या खुणांपैकी ही एक. पॅरिसच्या सॅमसन नावाच्या घराण्याने तर १८४५ पासून जगभरच्या जुन्या पोर्सलेनच्या नकला करायचा धंदाच उघडला होता. माझा सॅमसनचा असता तरी चाललं असतं, त्यालाही आता किंमत आहे. माझा तोही नव्हता.

पग अजून आहे. त्यात आम्ही गॅसच्या सिलिंडरच्या पावत्या ठेवतो.

टीपकागद
सुरंगी, ओरडत नाही. माझ्या पहिल्या तीन नगांपैकी दोन नकली. स्टॅफर्डशायरच्या नकलांची एक खूण मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुने कुत्रे साचात माती दाबून करत. भट्टीत आतली हवा फुगून फुटू नये म्हणून तळाला किंवा मागे टाचणीएवढं ते वाटाण्याएवढं भोक ठेवत. विसाव्या शतकातल्या नकला पातळ माती साचात ओतून केलेल्या, त्यांच्या तळाला करंगळी जाईल एवढं मोठं भोक असतं. वजनालाही हलक्या. दुसरं, झिलईवरची केसासारखी जाळी. खऱ्या वस्तूवर ती वेडीवाकडी, कुठे आहे कुठे नाही. नकलेत सगळ्या अंगभर सारखी, चहात बुडवल्यासारखी तपकिरी. खरंच चहात बुडवतात.

आणि तळाला "इंग्लंड" असं छापलं असेल तर वस्तू बहुतेक १८९१ नंतरची. अमेरिकेने कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, तेव्हापासून ती पद्धत. "मेड इन इंग्लंड" असेल तर बहुधा विसावं शतक. जुन्या कुत्र्यांवर सहसा काहीच लिहिलेलं नसतं.

रातांबा
आमच्याकडे तळाला काहीच लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला एक छोटं भोक आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं! आजी त्याला "नाक" म्हणायची, मागे नाक कसं ते विचारायची हिंमत नव्हती. टिचकी मारली, ठक्क. जिभेचा प्रयोग आत्या झोपल्यावर केला. चिकटली.

टीपकागद
मग झालं की. माती, पोर्सलेन नव्हे. पण खरा असण्याची शक्यता चांगली. अभिनंदन.

माजघर
इतकं वाचून आठवलं. आमच्या गुहागरच्या घरी मेंढीच्या आकाराची दौत होती, सोनेरी शिंगांची. दिवाळीच्या साफसफाईत मावशीने ती पितळी भांड्यांबरोबर चिंच नि राख लावून घासली. शिंगं पांढरी स्वच्छ. मावशी खूश, "बघ कसा मळ निघाला!" तो मळ म्हणजे सोनं होतं.

टीपकागद
आई गं. सगळ्यांसाठी सांगते: चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, रांगोळी, भांडी घासायचा साबण, यातलं काहीही नाही. एकोणिसाव्या शतकात स्वस्त सोनेरी रंग आला तो झिलईच्या वर इतका पातळ असतो की नुसत्या जोरदार पुसण्यानेही जातो. कोमट पाणी, मऊ कापूस, आणि मातीच्या वस्तूला तर बुडवून ठेवायचंच नाही, पाणी तड्यांतून आत शिरतं आणि डाग वर येतो.

आणि आपल्याकडचा पाऊस! इथल्या संग्राहकांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पोर्सलेनला दमट हवेचं काही नाही. पण जे आधी सरसाने सांधलेलं असेल त्याचे सांधे पावसाळ्यात सुटतात. माझ्या एका पोपटाचं डोकं २०१९ च्या जुलैत मध्यरात्री टप्पकन पडलं, नवऱ्याला वाटलं चोर. झाकणाच्या पितळी बिजागऱ्या कळंकतात आणि हिरवा डाग झिलईत उतरतो. जुन्या लोकांनी तारेचे टाके घालून सांधलेल्या वस्तू मात्र बिनघोर असतात. मी असे नग मुद्दाम घेते, बाजारात त्यांना कमी भाव, मला जास्त प्रेम.

चिकू
बाजाराचं बोलताय म्हणून विचारतो. माझ्या आईकडे अशी एक हत्तीची दौत आहे, पणजोबांच्या काळची. बहीण अमेरिकेत असते, तिला पाठवायची आहे. कुरिअरने जाईल ना?

वेंगुर्ल्याची_बोट
चिकू, थांबा जरा. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, १९७६ पासून अमलात. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मग ती इंग्लंडात बनली असो की सावंतवाडीत. आधी वयाची खात्री करा. शंभरच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेऊन पाठवता येते. असल्या वस्तू विकायचा धंदा करायलाही परवाना लागतो.

चिकू
अरे बापरे. हत्तीच्या पोटावर "मेड इन जपान" आहे.

वेंगुर्ल्याची_बोट
मग काळजी कमी झाली बहुतेक :) पणजोबा शौकीन होते म्हणायचे.

नारळीपाक
धागा हायजॅक करतोय, माफी. कोकणात चिनी मातीचं हे प्रकरण इंग्रजांच्या कितीतरी आधीचं आहे. चौलला आमची वाडी आहे. पावसानंतर आळी खणताना निळ्या-पांढऱ्या खापऱ्या सहज मिळतात. चौलच्या उत्खननातही चिनी भांड्यांचे तुकडे निघालेत, एवढं मोठं बंदर ते. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, पडकी इमारत अजून आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्याला परदेशी भांडं नवीन नाही. फुटलं की टाकलं, एवढंच.

वेंगुर्ल्याची_बोट
आमच्या वखारीचं नाव घेतल्याबद्दल आभार. रंगरंगोटी कुणी करील तेव्हा करील.

नारळीपाक
आणि टीपकागद ताई, चौलच्या खापऱ्यांत कुणाला दौत मिळाली तर?

टीपकागद
मिळाली तर पुरातत्त्व खात्याला कळवा. मलाही कळवा. त्याच क्रमाने.

आडोसा
रातांबाच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. दापोलीत आला कुठून? साधं आहे. दापोलीला अजून जुनी माणसं "कॅम्प" म्हणतात. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणातली लष्करी छावणी तिथे ठेवली. गोऱ्यांचं जुनं चर्च, त्यांच्या कबरी आहेत. अधिकाऱ्याची बदली झाली की सामानाचा लिलाव. तुमच्या पूर्वजांनी तिथून घेतला.

वेंगुर्ल्याची_बोट
आडोसा, गोष्ट छान, पण सनावळ्या जुळवून बघा. दापोलीतलं नियमित सैन्य १८४० च्या सुमारास हललं, उरली ती म्हाताऱ्या शिपायांची पलटण, तीही १८५७ च्या सुमारास मोडली. टीपकागद ताई म्हणतात कुत्रा १८४० ते ७० चा. म्हणजे कुत्रा येईपर्यंत त्याला बाळगणारे सायब बहुतेक निघून गेलेले. त्यापेक्षा मुंबईहून बोटीने आला असेल. चाकरमानी काय काय आणत! आमच्या घरी आजोबांनी घोड्यांच्या चित्राची घड्याळाची पेटी आणली, घड्याळ नव्हतं.

आडोसा
एखादा म्हातारा शिपाई मागे राहिला असेल, त्याचा कुत्रा.

वेंगुर्ल्याची_बोट
"असेल" वर इमला बांधायचा तर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचाही असेल. तो १८८६ पासून रत्नागिरीतच होता.

झिलगो
थिबा राजाचो कुत्रो!! आता ह्यो धागो व्हॉट्सॅपवर जातलो बघा.

रातांबा
कृपा करून नको. आमच्या वाडीत दोन दिवसांत "राजाचा कुत्रा" बघायला लोक येतील, आणि आत्या सगळ्यांना चहा करत बसेल.

घरातली माहिती एवढीच की पणजोबा कचेरीत कारकून होते. आत्याला ते अंधुक आठवतात, तिच्या पाचव्या वर्षी गेले. कुत्रा "पहिल्यापासून" देवघरात, असं ती सांगते. तिच्या "पहिल्यापासून"ला काही तारीख नाही.

आता खरी अडचण. टीपकागद ताई, तुम्ही विकत मागितलेला नाही हे माहीत आहे, पण माझ्या चुलतभावाला धाग्याचा पत्ता लागला, तो म्हणतो किंमत काढू. मला वाटतं की निदान देवघरातून काढून कपाटात ठेवावा, धुराने काळा पडतोय. आत्या म्हणते, "दत्ताचा कुत्रा कपाटात?" मी तिला सांगितलं की अगं हा दत्ताचा नाही, इंग्रजाचा, लेखणी ठेवायचा. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माजघर
रातांबा, तुम्ही ८१ वर्षांच्या बाईला असं तोंडावर सांगितलंत?

सुरंगी
पुरुष.

शंकासूर
मी आता उलट बाजूने बोलतो, हसू नका. लक्ष्मीपूजनाला दौतीची पूजा करतातच की. चोपडीपूजनात दौत म्हणजे महाकाली, लेखणी म्हणजे सरस्वती. खंडेनवमीला कारकुनाने लिहायचा टाक पुजायचा. म्हणजे लेखणीची बैठक देवघरात बसवली तर तुमच्या घराण्याने काही चूक केली नाही. इंग्रजाचा कुत्रा पाऊण शतक दत्तापुढे बसवला, यापेक्षा चांगला सूड मला तरी सुचत नाही.

टीपकागद
शंकासूर, तुम्ही आज मला जिंकलंत.

रातांबा, किमतीचं स्पष्ट सांगते म्हणजे चुलतभावाचं समाधान होईल. एकटा कुत्रा, जोडी नाही (हे बऱ्याचदा जोडीने विकले जात, एक डावीकडे पाहणारा, एक उजवीकडे), सोनं गेलेलं, कपाळावर कुंकवाचा डाग, भोकात राख. बाजारात याला किरकोळ पैसे. माझ्या कपाटात मात्र तो सगळ्यात वर बसला असता, त्या डागासकट. पण मी मागणार नाही. वस्तू वापरात असेल तर ती संग्रहातच आहे, फक्त माझ्या नाही.

एकच करा. भोकातली राख काढा, जळती काडी थेट झिलईला लागून ती तडकते. मऊ कापसाची काडी, जेमतेम ओली. टोकदार काही घालू नका. आणि कापसाचा रंग बघा.

पागोळी
कापसाचा रंग का?

टीपकागद
आधी होऊ दे.

चिकू
मी पण थांबलोय. (हत्ती शोकेसात परत ठेवला. बहीण रागावली आहे.)

रातांबा
झालं. काल शनिवारी परत गेलो. आत्याच्या देखत केलं, म्हणजे तिला चोरून केल्यासारखं वाटायला नको. ओटीवर कागद पसरला, शेजारी ती सुपारी कातरत बसली, तिरप्या डोळ्याने बघत.

पहिल्या सात-आठ काड्या राखाडी आल्या. पाऊण चमचा राख निघाली असेल, तळाशी अगदी दगडासारखी बसलेली. मग एक काडी काळपट. पुढची जांभळी. चक्क जांभळी, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी. आणखी तीन जांभळ्या आल्या.

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. काडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "ही वडीची शाई. शाळेत आम्ही पाण्यात वडी विरघळवायचो. फ्रॉकला लागली की जायची नाही."

टीपकागद
याचसाठी म्हटलं होतं रंग बघा. काळी-तपकिरी आली असती तर हिरडा-हिराकशीची किंवा काजळाची. जांभळी म्हणजे रासायनिक रंगाची, हे रंग १८५६ नंतर निघाले आणि पुढे कचेऱ्या नि शाळांत त्याच्या वड्या-पुड्या सर्रास झाल्या. म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी टाक बुडवून, लिहून, शाईचं टोक तसंच या भोकात खोचत होतं. पुसायचा आळस होता त्या माणसाला.

रातांबा
तेच आत्या म्हणाली! "आजोबांचा आळशीपणा. आजी कायम ओरडायची, धोतराला डाग म्हणून." हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. मग बराच वेळ बोलत होती, मी ऐकत होतो, सगळं इथे लिहीत नाही. संध्याकाळी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तिच्यात दस्तऐवजांखाली पणजोबांचा टाक होता, लाकडी दांड्याचा, निब गंजून गेलेलं.

आडोसा
दस्तऐवजांत कुत्र्याची पावती?

रातांबा
नाही. सारा भरल्याच्या पावत्या. शंकासूर, तुमच्यासाठी फोटो काढतो.

सुरंगी
मग कुत्रा कुठे आता? कपाट की देवघर?

रातांबा
देवघरातच. भोकात पणजोबांचा टाक आहे. उदबत्ती आता केळ्यात खोचतो.

झिलगो
आणि भात?

रातांबा
चालू आहे.